शेजारचा सूर्य आणि पुण्याची एक वेधशाळा

गणेश चतुर्थीच्या रात्री चंद्राकडे पाहायचे नाही, हा नेम भोपाळमधल्या आपल्या मराठी घरांत तीन-चार पिढ्यांनंतरही पाळला जातो. एक रात्र मान खाली घालायची, म्हणजे उरलेल्या रात्री वर पाहायला कोणाची हरकत नाही, असा मी त्याचा सोयीस्कर अर्थ काढतो. यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहिताना अशाच एका ताऱ्याची गोष्ट निवडली आहे. तो सूर्यासारखा आहे, सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी आहे, आणि त्याच्या अभ्यासाच्या इतिहासात पुद्दुचेरी, पुणे आणि मद्रास ही तीन गावे ठळकपणे येतात. गणेशोत्सवात मात्र तो दिसत नाही. काळोख पडायच्या आधीच तो मावळलेला असतो.

त्याचे नाव मित्र. नरतुरंग या दक्षिणेकडच्या तारकासमूहातला हा सर्वांत तेजस्वी तारा. इंग्रजी पुस्तकांत त्याला अल्फा सेंटॉरी म्हणतात. व्याध आणि अगस्ती यांच्यानंतर रात्रीच्या आकाशात तेजाच्या बाबतीत त्याचाच क्रमांक लागतो. सूर्यनमस्कारात सूर्याची जी बारा नावे घेतो त्यांतले पहिले नावही मित्रच. योगायोग असेल, पण सूर्याच्या जुळ्या भावासारख्या ताऱ्याला याहून नेमके नाव सापडले नसते.

पंचांगाने त्याची दखल का घेतली नाही?

इतका तेजस्वी तारा, मग सत्तावीस नक्षत्रांत तो का नाही? कारण साधे आहे. आपली नक्षत्रे चंद्राच्या वाटेवरची मुक्कामाची ठिकाणे आहेत. चित्रा, स्वाती, विशाखा यांचा उपयोग तिथी, मास आणि ग्रहांच्या जागा सांगायला होतो. मित्र त्या वाटेपासून चाळीस अंशांहून अधिक दक्षिणेला आहे. चंद्र किंवा ग्रह त्याच्या जवळपासही फिरकत नाहीत. पंचांगकर्त्याला त्याचे काम पडले नाही, एवढेच. आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते असे म्हणण्याची गरज नाही आणि त्यांना दिसलाच नाही असेही म्हणता येत नाही.

उलट, पूर्वी तो आपल्या भागातून आजच्यापेक्षा चांगला दिसत असे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो. त्यालाच आपण संपातचलन म्हणतो. त्यामुळे शतकांमागून शतके मित्र दक्षिणेकडे सरकत आला आहे. दुसऱ्या शतकात टॉलेमीने अलेक्झांड्रियाहून त्याची नोंद केली. आज अलेक्झांड्रियाहून तो दिसतच नाही. सांचीचा स्तूप नवा होता तेव्हा मित्र इथल्या क्षितिजापासून पंधरा अंशांच्या आसपास वर येत असे. ज्याच्या नावावर शके ९६४ चा 'राजमृगांक' हा ज्योतिषाचा करणग्रंथ आहे, त्या भोजराजाच्या काळी तो सुमारे दहा अंश वर येई. आज भोपाळहून तो जेमतेम सहा अंश वर येतो.

पुद्दुचेरी, डिसेंबर १६८९

या ताऱ्याचा दुर्बिणीतला इतिहास भारतातच सुरू होतो. सयाममधल्या १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर तिथले काही फ्रेंच जेझुइट पाद्री पुद्दुचेरीला आले. त्यांच्यापैकी जाँ रिशो हे डिसेंबर १६८९ मध्ये बारा फूट लांबीच्या दुर्बिणीतून एक धूमकेतू पाहत होते. तो पाहता पाहता त्यांनी नरतुरंगाच्या पायाशी असलेल्या तेजस्वी ताऱ्याकडे दुर्बीण वळवली. नुसत्या डोळ्यांना एक दिसणारा तो तारा दुर्बिणीत दोन झाला. दक्षिण आकाशातल्या जोडताऱ्यांच्या अगदी पहिल्या शोधांपैकी हा एक.

मराठी वाचकाला ते वर्ष वेगळ्या कारणासाठी पाठ असते. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्यानंतर राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघून वेष पालटत, मजल दरमजल करत वर्षअखेरीस जिंजीला पोचले. जिंजी ते पुद्दुचेरी हे अंतर साठ-सत्तर किलोमीटर. म्हणजे जिंजीच्या तटावरून पहारेकरी ज्या दक्षिण आकाशाखाली जागत होते, त्याच आकाशातला एक तारा जवळच एक परदेशी पाद्री दुभंगलेला पाहत होता. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. तरीही इतिहासाची दोन पाने शेजारी शेजारी ठेवली की काळाचा अंदाज येतो.

रिशोंना दिसले ते दोन ठिपके. ते खरोखर एकमेकांजवळ आहेत, की एकाच रेषेत पुढे-मागे असल्याने जवळ भासतात, हे तेव्हा कोणालाच सांगता आले नसते. काही जोडतारे एकमेकांभोवती खरोखर फिरतात, हे विल्यम हर्शेल यांनी १८०३ मध्ये दाखवले. त्यानंतर जोडताऱ्यांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

नदीची रुंदी आणि ताऱ्याचे अंतर

डिप्लोमाला असताना सर्व्हेच्या प्रात्यक्षिकात नदी न ओलांडता तिची रुंदी काढायला शिकवत. या काठावर मोजलेली एक सरळ रेषा घ्यायची, तिच्या दोन्ही टोकांवरून पलीकडच्या झाडाकडे थिओडोलाइट लावायचा आणि कोन मोजायचे. रेषा आणि दोन कोन हाती आले की अंतर कागदावर निघते. सगळी मदार त्या पायारेषेवर.

आपल्या भोपाळपासून फार दूर नसलेल्या सिरोंजला अशीच एक ऐतिहासिक पायारेषा आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ती १८२४-२५ मध्ये मोजली आणि १८३७-३८ मध्ये सुधारित साधनांनी पुन्हा मोजली. तिथले कल्याणपूर हे ठिकाण भारताच्या त्रिकोणमितीय मापनाचे मूळ स्थान मानले गेले. विदिशा जिल्ह्यातल्या या जागेचे नाव आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते.

ताऱ्यांसाठी मात्र सिरोंजची काही मैलांची रेषा पुरत नाही. तिथे पृथ्वीची कक्षाच पायारेषा करावी लागते. आज मोजमाप घ्यायचे आणि सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडे, तीस कोटी किलोमीटरवर गेली की पुन्हा घ्यायचे. जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. मित्र ताऱ्याचा पराशय आहे पाऊण विकला. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला, त्यातलीही पाऊण. सहा किलोमीटरवर धरलेले एक रुपयाचे नाणे जेवढे दिसेल, तेवढा हा कोन.

१८३२-३३ मध्ये थॉमस हेंडरसन हे आफ्रिकेच्या टोकाला, केपच्या वेधशाळेत काम करत होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेंट हेलेना बेटावरच्या वेधशाळेतून मॅन्युएल जॉन्सन यांनी त्यांना कळवले, की हा तारा आकाशात दरवर्षी साडेतीन विकलांहून अधिक सरकतो आहे. इतका भराभर सरकणारा तारा जवळचाच असणार. हेंडरसननी आपल्या नोंदी त्या दृष्टीने पुन्हा तपासल्या आणि पराशय निघाला. पण त्यांना आपल्या आकड्याची खात्री वाटेना, ते थांबले. तेवढ्यात जर्मनीत बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस समूहातल्या एका ताऱ्याचे अंतर जाहीर केले, आणि पहिलेपणाचा मान त्यांना मिळाला. हेंडरसनचा निष्कर्ष १८३९ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. त्यांचा आकडा आजच्यापेक्षा मोठा होता, पण तारा शेजारचाच आहे हे पक्के झाले.

आजच्या मोजमापानुसार मित्र ४.३७ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे सुमारे ४१ लाख कोटी किलोमीटर. एवढी शून्ये मनात बसत नाहीत, म्हणून उत्सवातले उदाहरण घेऊ. सूर्य म्हणजे सव्वाचार सेंटीमीटरचा एक मोदक समजा आणि तो आपल्या मंडपात, भोपाळला ठेवा. त्या मापाने पृथ्वी खसखशीच्या दाण्याहूनही लहान आणि मोदकापासून साडेचार मीटरवर. मित्र हा दुसरा मोदक मग कुठे ठेवायचा? जवळजवळ पुद्दुचेरीला! आणि हा सगळ्यांत जवळचा शेजारी.

पुण्यातला कॅप्टन जेकब

आता पुण्याकडे येऊ. विल्यम स्टीफन जेकब यांचा जन्म १८१३ मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात एका पाद्र्याच्या घरी झाला. कंपनी सरकारच्या अॅडिसकोंब इथल्या लष्करी शाळेत शिकून ते १८३१ मध्ये बॉम्बे इंजिनियर्सचे अधिकारी म्हणून मुंबईला निघाले. काही वर्षे त्रिकोणमितीय सर्वेक्षणात घालवली. दिवसा टेकडीवरून कोन मोजणारा हा माणूस रात्री आकाशातले कोन मोजू लागला. १८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा उभारली. पेशवाई जाऊन अवघी चोवीस वर्षे झाली होती.

त्यांच्याकडे डॉलंड यांनी घडवलेली पाच फुटी दुर्बीण होती. युरोपातल्या वेधशाळांच्या मानाने ती लहानच. पण पुण्याकडे एक भांडवल होते जे लंडनकडे नव्हते: दक्षिणेचे आकाश. मित्र तारा इंग्लंडच्या क्षितिजावर कधीच येत नाही. पुण्यात तो दहा अंशांहून थोडा अधिक वर येतो. पुढे लष्करी नोकरी सोडून जेकब याच कामाला लागले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्याहून पाहिलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. वृश्चिकातला एक जोडतारा खरे तर तिहेरी आहे, हे त्यांनी १८४७ मध्ये दाखवले. आणि मित्राच्या दोन ताऱ्यांच्या कक्षेचे गणित करून त्यांनी सांगितले, की ते ७७ वर्षांत एकमेकांभोवती एक फेरा पुरा करतात. आजचा आकडा सुमारे ८० वर्षे आहे. हाताशी थोड्याच वर्षांची मोजमापे असताना इतके जवळ जाणे ही साधी गोष्ट नव्हे.

या आकड्याचे महत्त्व काय, हे समजायला एक छोटे गणित पुरते. कॅल्क्युलेटर घेऊन कोणीही करून पाहावे. पृथ्वी-सूर्य अंतर हे एक माप धरले, तर मित्राच्या दोन ताऱ्यांमधले सरासरी अंतर येते २३.४. त्याचा घन करा: सुमारे १२,८००. फेऱ्याच्या वर्षांचा, म्हणजे ८० चा वर्ग करा: ६,४००. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर २. याचा अर्थ, दोन्ही ताऱ्यांचे मिळून वजन आपल्या दोन सूर्यांइतके! ताजव्यात न घालता तारा तोलायची ही केप्लर-न्यूटनची युक्ती. तिला दोनच गोष्टी लागतात: अंतर आणि कक्षा. हेंडरसननी अंतराची वाट दाखवली, जेकबसारख्यांनी कक्षेची.

आज आपल्याला कळते, की त्यातला मोठा तारा सूर्याच्या १.१ पट आणि धाकटा ०.९ पट वजनाचा आहे. मोठ्याचा वर्ण, तापमान, जातकुळी सगळी सूर्याची; तेज सूर्याच्या दीडपट. धाकटा थोडा नारिंगी आणि मंद. 'सूर्य हा एक साधा तारा आहे' हे वाक्य शाळेत आपण सहज वाचतो. पण ते पडताळायचे तर दुसरा सूर्य जवळून पाहायला, मोजायला, तोलायला हवा. तो मित्राने दिला. २००१ मध्ये चिलीतल्या ला सिया वेधशाळेतून त्याच्या पृष्ठभागाची सूक्ष्म स्पंदने मोजली गेली, तेव्हा सूर्याच्या अंतरंगाबद्दल बांधलेले सिद्धांत दुसऱ्या सूर्यावर ताडून पाहता आले. म्हणूनच खगोलशास्त्रात या ताऱ्याला मापदंडाचे स्थान आहे.

मद्रासचा दावा

डिसेंबर १८४८ मध्ये जेकब यांची कंपनीच्या मद्रास वेधशाळेच्या संचालकपदी नेमणूक झाली. चिंतामणी रघुनाथाचारी हे पुढे बदलत्या तेजाच्या ताऱ्याचा शोध लावणारे भारतीय खगोलज्ञ तेव्हा तिथेच नोकरीला होते. मद्रासला जेकब यांनी १,४४० ताऱ्यांची सूची केली आणि जोडताऱ्यांची मोजमापे चालू ठेवली. १८५२ मध्ये शनीचे अंधुक कडे पारदर्शक असल्याचे त्यांनी आणि इंग्लंडमधल्या लॅसेल यांनी जवळजवळ एकाच वेळी टिपले.

१८५५ मध्ये त्यांनी एक धाडसी विधान केले. भुजंगधारी समूहात ७० क्रमांकाचा एक जोडतारा आहे. तोही आपल्या शेजारचाच, साडेसोळा प्रकाशवर्षांवर, आणि सूर्यापेक्षा थोडा लहान. त्याच्या कक्षेचे गणित निरीक्षणांशी जुळेना. जेकब म्हणाले, इथे न दिसणारा एक ग्रह असण्याची दाट शक्यता आहे. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, मोजमापावर आधारलेला हा अगदी सुरुवातीचा दावा, आणि तो भारतातल्या वेधशाळेतून झाला.

तो टिकला नाही. शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सी नावाच्या खगोलज्ञाने तसाच दावा पुन्हा केला, पण असा ग्रह तिथे स्थिर राहूच शकणार नाही, हे मोल्टन यांनी १८९९ मध्ये गणिताने दाखवले. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला पक्का ग्रह सापडायला १९९५ साल उजाडले. तो शोधणाऱ्या मेयर आणि केलोझ यांना २०१९ चे नोबेल मिळाले. पण ताऱ्याची लहानशी थरथर मोजायची आणि तीवरून न दिसणाऱ्या सोबत्याचा माग काढायचा, ही मूळ कल्पना तीच. जेकब यांचे उत्तर चुकले, प्रश्न मात्र बरोबर होता. त्यासाठी त्यांची आठवण ठेवायला हवी असे मला वाटते.

ऑगस्ट १८६२

मद्रासच्या हवेने जेकब यांची प्रकृती ढासळली आणि १८५९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १८६० मध्ये ते खग्रास सूर्यग्रहणासाठी स्पेनला जाऊन आले. पण मन पुण्यातच होते. पुण्याच्या परिसरात सुमारे पाच हजार फूट उंचीवर, धूर-धुळीच्या वर, डोंगरी वेधशाळा उभारायची योजना त्यांनी मांडली. ब्रिटिश पार्लमेंटने १८६२ मध्ये तिच्यासाठी एक हजार पौंड मंजूर केले. तीन वर्षे तिथे राहून काम करायचे त्यांनी कबूल केले आणि नऊ इंची दुर्बीण स्वतःच्या पैशाने घेतली.

८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईला उतरले. ऐन पावसाळा, बोरघाटातला रेल्वेमार्ग अजून पुरा व्हायचा होता. ते पुण्याला पोचले आणि १६ ऑगस्टला तिथेच वारले. पन्नाशीही झाली नव्हती. ढगांमुळे त्या आठ दिवसांत त्यांना पुण्याचे आकाश धड दिसले तरी असेल का, हा विचार मनाला चटका लावतो.

त्याच सुमारास पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे होते. 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा त्यांचा ग्रंथ १८६० मध्ये निघाला होता. नव्या वेधांवरून आपले पंचांग शुद्ध करण्याची खटपट त्यांनी चालवली होती. ती डोंगरी वेधशाळा उभी राहिली असती, तर छत्र्यांपासून शंकर बाळकृष्ण दीक्षितांपर्यंतच्या आपल्या गणितींना घरच्या अंगणात एक मोठी दुर्बीण मिळाली असती. तसे घडले नाही.

पुण्याला मोठी वेधशाळा मिळाली १८८८ मध्ये. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी विज्ञान महाविद्यालयात ती उभारली. तिची वीस इंची दुर्बीण देशात सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. डोंगरावरच्या वेधशाळेचे स्वप्न खऱ्या अर्थाने फळाला आले ते २००६ मध्ये, 'आयुका'ची दोन मीटरची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवलीला उभी राहिली तेव्हा. म्हणजे जेकब यांच्यानंतर १४४ वर्षांनी.

आपल्या मध्य प्रदेशातही हा धागा आहे. उज्जैनची सवाई जयसिंगांची पडकी वेधशाळा १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी दुरुस्त करवली आणि तिचे पहिले अधीक्षक झाले गोविंद सदाशिव आपटे. आज ती राज्य शासनाची जीवाजी वेधशाळा आहे. महाकालच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी तासभर तिच्यासाठीही काढावा.

आजचा मित्र

गोष्ट अजून चालूच आहे. १९१५ मध्ये जोहान्सबर्गच्या रॉबर्ट इनिस यांना मित्राचा तिसरा, अतिशय मंद सोबती सापडला. तो ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे आणखी जवळ, म्हणून त्याचे नाव प्रॉक्सिमा. २०१२ मध्ये मित्राच्या धाकट्या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचे जाहीर झाले. २०१५ मध्ये ते मोजमापाच्या गोंधळातून आलेले आभासी चिन्ह असल्याचे दिसून आले. जेकब यांच्या वाट्याला आले तेच! २०१६ मध्ये प्रॉक्सिमाभोवती मात्र खरोखर ग्रह सापडला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने मित्राच्या थोरल्या ताऱ्याजवळ एका मोठ्या वायुग्रहाची शक्यता टिपल्याचे जाहीर झाले. २०२४ मध्ये दिसलेला तो ठिपका पुढच्या निरीक्षणांत दिसला नाही, म्हणून अजून ती शक्यताच आहे. घाई करू नये, हे या ताऱ्याने आपल्याला पुरेसे शिकवले आहे.

भोपाळहून हा तारा पाहायचा असेल तर मेचा शेवटचा आठवडा बरा. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास, विशाखा दक्षिणेला बरोबर समोर आली की तिच्या सरळ खाली, क्षितिजापासून तीन-चार बोटे वर मित्र असतो. त्याच्या उजवीकडे तितकाच खाली मित्रक. एखादा सरी येऊन गेल्यावर, हवेतली धूळ बसल्यावर तो स्वच्छ दिसण्याची शक्यता अधिक. मात्र शहरातून पाहू नये. तात्या टोपे नगरच्या किंवा कोलारच्या गच्चीवरून दिव्यांच्या झगमगाटात क्षितिज हरवलेले असते. दक्षिणेला मोकळे रान आणि अंधार असलेली जागा हवी.

संपातचलनाने मित्र आपल्या क्षितिजावर अजून पुष्कळ काळ येत राहणार आहे; अर्थात आणखी खाली. त्याला आपल्यापासून खरोखर हिरावून घेत आहेत ते आपलेच दिवे. सांचीचे भिक्षू, भोजराजाचे ज्योतिषी यांना जो तारा विनासायास दिसत होता, तो आपल्या नातवंडांना फक्त पडद्यावर दिसावा, हे योग्य नाही. मंडळाने उन्हाळ्यात मुलांसाठी एक रात्रीची सहल काढावी, सोबत साधी दुर्बीण न्यावी, आणि पुद्दुचेरीच्या पाद्र्याला व पुण्याच्या कॅप्टनला दिसलेले ते दोन सूर्य मुलांना दाखवावेत, एवढीच या लेखाच्या निमित्ताने विनंती.

गणपती बाप्पा मोरया!